पेटीतली टिटवी

पाटोदा
१२ सप्टेंबर २०२४

चि. आरोही,

बंकटमामाचा तुला पोटभर आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होतो, पण बहिऱ्यानं फोन करायचा म्हणजे एकट्यानंच बोलत सुटायचं आणि समोरच्यानं कधी ठेवला ते कळायचं नाही. मोबाईलवर लिहायला गेलो तर एका अक्षराच्या जागी तीन उमटतात. केसाएवढ्या तारा जोडून रेडिओ बोलते करणारं हे बोट, काचेवर मात्र ठरत नाही. म्हणून हा पोस्टाचा उद्योग.

काम असं आहे. मी दुकान सांभाळून इतकी वर्षं माळामाळानं हिंडलो आणि मेंढक्यांच्या हाका टेप केल्या, हे तुला ऐकून माहीत असेल. आपल्या धनगरांत प्रत्येक घराची हाक निराळी. शंभर मेंढरं एका पाणवठ्यावर मिसळली तरी ज्याची त्यानं हाक दिली की ज्याची त्याच्याकडं वळतात. आता पोरं शहरात गेली, मेंढरं विकली गेली, हाका कोण देणार? टेपांना बुरशी लागली. पण कान शाबूत होते तेव्हाच मी सगळं कॉम्प्युटरच्या एका डिस्कवर उतरवून ठेवलं होतं.

परवा बजरंग आला होता. माझा चुलतपुतण्या, अजून मेंढरं राखतो, बाजाराला आला की माझ्याकडं बसून जुन्या हाका ऐकतो. तो पाटीवर लिहून म्हणाला, "काका, तुमची डबी टिकटिक करतीय. लई वंगाळ लक्षण हाय." मी डिस्कवर तळहात ठेवून बघितला. खरंच, आत काहीतरी अडखळत होतं.

आता खरी गोष्ट. त्या डिस्कवर तुझ्या आईची हाक आहे. कपिलधारच्या वरच्या माळावर घेतलेली, तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. तुझे बाबा मोहनराव होते तोवर मी हे बोललो नाही, त्यांना तो आवाज सोसला नसता. आता ते नाहीत आणि डिस्क मरायला टेकली आहे. तू पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांची माहिती सांभाळतेस म्हणे. तुझ्या आईचा एवढा आवाज सांभाळता येईल का बघ.

तुझा,
बंकटमामा


पुणे
१९ सप्टेंबर २०२४

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. आई गेली तेव्हा मी रांगत होते. बाबांकडे लग्नातला एकच फोटो होता, त्यातही तिचा अर्धा चेहरा मुंडावळ्यांआड. तिचा आवाज कुठेतरी असेल हे माझ्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं.

आधी ती डिस्क बंद करा. आतली वाचणारी सुई जागा चुकते आहे. तिच्यात आता एकदाच सगळं वाचण्याइतका दम उरला असेल, तो वाया घालवायचा नाही.

एसटीच्या पार्सलनं मी एक पेटी पाठवते आहे. हा छोटा सर्व्हर. त्यात दोन नव्या डिस्का बसवायच्या. मुद्दाम दोन वेगळ्या दुकानांतून घेतल्या आहेत, कारण एकाच घाण्यातल्या डिस्का बहुधा एकाच सुमाराला जातात. या दोघींची आपण आरशाची जोडी करायची, आमच्या भाषेत रेड. एकीवर जे लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवरही लिहिलं जाईल. एक मेली तरी दुसरीवर सगळं शाबूत.

पेटी सुरू केली की पडद्यावर यादी येईल. त्यात जोडीचा पर्याय निवडा. मग यंत्र विचारेल, या डिस्कांवरचं सगळं पुसू का? इथेच जपायचं. तेव्हा जुनी डिस्क पेटीला जोडलेली नसली पाहिजे. ती दुसऱ्या खोलीत ठेवा, मगच "हो" म्हणा. नंतर दोन्ही डिस्का एकमेकींशी जुळवून घेतात, त्याला अर्धा-एक दिवस लागतो, तोवर पेटीला हात लावू नका. जुळलं की जुनी डिस्क जोडा आणि सगळ्यात आधी आईची फाईल उतरवा.

आणि एक. आरसा म्हणजे राखण नव्हे. एकीवरून काही पुसलंत तर दुसरीवरूनही पुसलं जाईल. बाकी काळजी करू नका, काही बिघडलं तर पेटी स्वतःच सांगते.

तुमची,
आरोही


पाटोदा
२० ऑक्टोबर २०२४

चि. आरोही,

अनेक आशीर्वाद. पेटी सुखरूप पोचली. रेड आलीय म्हटल्यावर शेजारच्या छबुबाईंनी डोळे मोठे करून विचारलं, "कुणाच्या घरावर?"

तू सांगितलंस तसं केलं. जुनी डिस्क घोंगडीत गुंडाळून छबुबाईंच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवून आलो, मगच यंत्राला "हो" म्हणालो. मग पडद्यावर टक्के चढत गेले. मी जेवलो, झोपलो, उठलो, तरी चढतच होते. मेंढक्याबरोबर दोन कुत्री असतात ती एवढ्यासाठीच, एक निजलं तर दुसरं जागं. तुझ्या कंपन्यांनी हे आमच्याकडून घेतलं की काय!

जुनी डिस्क पहाटेच्या गारव्यात जोडली. सगळं उतरेपर्यंत तिच्यावर हात ठेवून बसलो होतो. मधेच थांबायची, मी म्हणायचो, चल बाई, थोडंच राहिलं, की पुन्हा चालायची. तुझ्या आईची फाईल पहिल्यांदा आली. नाव मी तेव्हाच घालून ठेवलं होतं: सत्यभामा, कपिलधार. बाकीच्या हाकाही आल्या. तिसऱ्या दिवशी बजरंगाला काही दाखवायला म्हणून जुनी डिस्क जोडली तर ती फिरेनाच. तिचं काम झालं होतं. टेपांचा चुरा कधीच फेकलाय, म्हणजे आता जे आहे ते या पेटीत.

पेटी फळीवर उंच ठेवली आहे, उंदरांचा भरवसा नाही. तोंड भिंतीकडं आणि पाठ माझ्याकडं. रेडिओवाल्याला मागची बाजू हीच पुढची. सगळ्या वायरी हाताशी राहतात. बजरंगासाठी कडेला एक स्पीकर जोडून दिला आहे.

फाईल तुला पाठवायची कशी ते कळव.

तुझा,
बंकटमामा


पुणे
२७ ऑक्टोबर २०२४

ती. मामा, साष्टांग नमस्कार.

तुम्ही माझ्या ऑफिसात हवे होतात. इथे वातानुकूलित खोलीत बसून लोक याहून जास्त गोंधळ घालतात.

फाईल पाठवू नका. मी येऊन तिथेच ऐकेन. तुम्हाला चमत्कारिक वाटेल, पण तो आवाज आता आहे एवढं कळल्यावर मला घाई वाटेनाशी झाली. संध्याकाळी घरी येते, दिवा न लावता खिडकीत बसते आणि तो कसा असेल ते मनातल्या मनात लावून बघते. रोज निराळा लागतो. कधी बासरीसारखा, कधी शाळेतल्या माझ्या बाईंसारखा. भीती वाटते असंच म्हणा ना. एकदा खरा ऐकला की हे सगळे मावळतील.

दिवाळीला यायचं होतं, पण कामानं अडवलं. संक्रांतीला नक्की. येताना तिसरी डिस्क आणते, एक प्रत माझ्याकडे पुण्यात राहील.

तुमची,
आरोही


पाटोदा
५ जानेवारी २०२५

चि. आरोही,

आशीर्वाद. थंडी चांगली पडली आहे. उन्हात बसलं की डोळा लागतो आणि डोळा लागला की मला ऐकू येतं. खरंच सांगतो. कान जागेपणी गेले, स्वप्नात अजून शाबूत आहेत. काल उन्हात मला पाण्याचा घोष ऐकू आला, त्यामागं घंटा, मग कुणीतरी मला हाक मारली आणि मी "ओ" देऊनच जागा झालो. छबुबाई पलीकडून बघत होत्या.

त्यांचीच एक गंमत तुला लिहितो. माझ्या पेटीत म्हणे टिटवी आहे. पंधरवडा झाला असेल. ये-जा करणारे थांबून ऐकतात. बजरंग मेंढरांच्या वाड्याबरोबर आष्टीकडं गेलाय, तोच स्पीकर चालू ठेवून गेला असणार. टिटव्या मी टेप केल्या आहेत खऱ्या, पण इतका वेळ ओरडणारी कुठली ते आठवत नाही. एका सुरात, जरा थांबून, पुन्हा ओरडते म्हणतात. चहावाले बबनराव म्हणाले, "मामा, काय झ्याक धरलीय तुमी!" मी आपला मान डोलावून घेतो.

पण छबुबाईंना टिटवी दाराशी ओरडलेली चालत नाही, अभद्र मानतात. त्या पाटीवर लिहून गेल्या, "तिला गप करा न्हाईतर मीच बोळा कोंबते." मी स्पीकरची वायर काढली तरी टिटवी गप होईना म्हणे. शेवटी पेटीवर घोंगडी चौपदरी करून टाकली, आता त्यांना त्रास नाही. पेटीला हात लावला तर उबदार लागते, चांगली निजलेली दिसते.

संक्रांतीला येतेस ना? तीळ आणून ठेवले आहेत.

तुझा,
बंकटमामा


पुणे
२० जानेवारी २०२५

ती. मामा, नमस्कार.

कालच तुमच्याकडून परत आले, तरी पत्र लिहिते आहे. तिथे पाटीवर लिहून लिहून माझं निम्मं बोलणं राहूनच गेलं.

तुमचं टिटवीचं पत्र मला ऑफिसात मिळालं आणि मी खुर्चीवरून उठलेच. मामा, ती टिटवी नव्हती. जोडीतली एक डिस्क मेली की ती पेटी ओरडते. हेच ते "पेटी स्वतःच सांगते". मी, शहाणी, बहिऱ्या मामाला ओरडणारी पेटी पाठवून निर्धास्त बसले होते. चूक तुमची नाही आणि छबुबाईंचीही नाही. पंधरवडाभर ती ओरडत होती आणि सगळं पाटोदं कौतुकानं ऐकत होतं! तांबडा दिवाही लागला होता, पण त्याचं तोंड भिंतीकडे. आणि उरलेली एकुलती डिस्क चौपदरी घोंगडीखाली शिजत होती. तिच्यावर आई होती.

मी छबुबाईंना फोन लावला तो असा. म्हटलं, मावशी, आधी पळत जा आणि पेटीवरची घोंगडी काढा. त्या म्हणाल्या, "अगं, आत्ता कुठं निजलीय ती, कावून उठवायची?" समजावता समजावता मला रडूच फुटलं, तेव्हा कुठं त्या उठल्या. तशीच मी बॅगेत डिस्का टाकून एसटी स्टँड गाठला.

तुम्ही दारात हसत उभे होतात आणि मला तुमच्यावर ओरडायचं होतं. पण तुम्हाला ऐकू आलं नसतं. मग मला हसू आलं. तुम्ही विचारलंत का हसतेस, तेव्हा मी काहीच लिहिलं नाही. आता कळलं ना?

नवी डिस्क घातल्यावर उरलेली डिस्क तिला आपलं सगळं सांगत बसते, तोवर ती मेली तर सगळंच गेलं. म्हणून मी आईची फाईल तिथे ऐकली नाही. तिला आणखी एक काम सांगायची छाती होईना. तुम्ही रागावलात का? आपण दोघं दिवसभर त्या टक्क्यांकडे बघत बसलो, तुमचा हात पेटीवर, बाहेर ऊन सरकत अंगणाच्या कडेला गेलं. तुम्ही डुलक्या घेत होतात. मधेच झोपेत "ओ" म्हणालात. मी बघितलं, दारात कोणी नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लांब आणि सगळ्यात शांत दिवस होता.

जोडी पुन्हा जुळली. तिसरी प्रत माझ्याजवळ टेबलावर आहे. अजून लावलेली नाही.

तुमची,
आरोही


पाटोदा
३० जानेवारी २०२५

चि. आरोही,

आशीर्वाद. रागावलो नाही. रागवायचं तर तूच माझ्यावर. घोंगडी घालणारा मी, आणि म्हणे जन्मभर रेडिओ दुरुस्त केले! पेटी गरम लागली तेव्हाच कळायला हवं होतं. पण सगळे म्हणाले पाखरू आहे, मलाही ते पाखरूच असावं असं वाटत होतं.

पेटीच्या ओरडणाऱ्या बझरच्या दोन तारा बाहेर काढून त्यांच्यावर मी आता दिवा बसवला आहे. ओरडेल तेव्हा माझ्या उशाशी लाल उजेड पडेल. तोंडही खोलीकडं फिरवलंय. छबुबाई येता-जाता दोन हिरवे दिवे बघून हात जोडतात.

आता तू ऐकायला बस. उगाच लांबवू नकोस. मी तर मेलो तरी ऐकू शकणार नाही, पण तू ऐकलंस की मला बरं वाटेल. आणि जे ऐकशील ते मला सगळं लिही. काही गाळू नकोस. पार शेवटपर्यंत ऐक.

तुझा,
बंकटमामा


पुणे
९ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

ऐकलं. काल दुपारी, दार लावून.

आधी नुसतं पाणी. कपिलधारचा धबधबा लांबून, सारखा एकच घोष. मग मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा. मग हाक आली आणि मी टेबलाची कड धरली. पण मामा, बायका दोन आहेत! फाईलवर नाव एकट्या आईचं आणि आवाज दोन. तुम्ही हे सांगितलं नव्हतंत.

पहिलीचा आवाज लांब आणि गोड. हाक सोडते ती माळाच्या टोकापर्यंत जाते, मधे कुठे वाकत नाही. मेंढरं वळतात तेही ऐकू येतं, घंटांचा आवाज जवळ येत जातो. दुसरीचा आवाज फाटका, जाडसर. हाक धड पुरी होत नाही, मधेच तुटते, मग हसते, मग एका शेळीवर तुटून पडते: "ए बाजिंदे, तिकडं कावून गेलीस ग? तिकडं काय तुजं माहेर हाय?" आणि खोकते आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी पहिलीच्या आवाजावर रडून घेतलं. खिडकीत बसून मी जे आवाज लावून बघायचे त्यातला सगळ्यात चांगला तोच. हीच आई ना? मला शोधून सांगा. माझ्या कानांना ती माहीत नाही आणि तुम्हाला माहीत आहे तर कान नाहीत. आपण दोघांनी मिळून काय करायचं?

तुमची,
आरोही


पाटोदा
१५ फेब्रुवारी २०२५

चि. आरोही,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. तुला वाईट वाटेल का, हाच विचार करत होतो. पण खरं तेच लिहितो.

लांब, गोड आवाज तारामामीचा आहे. माझी तारा. तुझी आई ती दुसरी, फाटक्या आवाजाची. सत्यभामाचा आवाज लहानपणापासून तसाच, आमच्या आईवर गेलेला. हाक तिला कधी पुरी देता आली नाही, पण मेंढरं तिच्याच अंगावर जास्त यायची. ती शेळी तिच्या लाडाची होती. दिवसभर तिला शिव्या आणि रात्री तिच्याच पाठीवर हात.

ताराचं नाव मी फाईलवर घातलं नाही आणि तुलाही सांगितलं नाही. तुझ्या आईसाठी म्हणून पत्र लिहिलं, पेटी बसवली, ते खरंच होतं. पण आरोही, मलाही ती डिस्क मरायला नको होती. तारा गेल्यावर मी तो टेप रोज ऐकत होतो. मग कान जात चालले, तसा तो दर वर्षी लांब लांब जात गेला, माळावरून कुणी चालत जावं तसा. एक दिवस मी बटण दाबलं आणि नुसतंच चाक फिरताना दिसलं. म्हाताऱ्यानं बायकोचा आवाज सांभाळायला भाचीला राबवायचं, याची लाज वाटली म्हणून बोललो नाही.

तारा त्यात शेवटी मला काहीतरी म्हणते. शब्द आता मला नीट आठवत नाहीत. तू लिहिलं नाहीस. तेवढं ऐकून लिही.

तुझा,
बंकटमामा


पुणे
२३ फेब्रुवारी २०२५

ती. मामा,

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? दोन दिवस तो गोड आवाज हातातून गेल्याचं दुःख करत बसले. फाटका आवाज लावायचे आणि मला तो परकाच वाटायचा. ही बाई कोण, हिचं माझं काय नातं, असं व्हायचं.

मग बुधवारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी तो पुन्हा लावला होता. माझ्या शेजारी प्रियदर्शनी बसते, आम्ही पाच वर्षं एकत्र काम करतो. ती डबा धुऊन आली, दारातच थांबली आणि हसायला लागली. म्हणाली, "आरोही, तू शेळ्या राखायला कधी गेली होतीस? आणि त्या बिचारीला किती बोलतेस!"

मी म्हटलं, तो माझा आवाज नाही. ती म्हणाली, "मला काय सांगतेस? रोज फोनवर तुझं ओरडणं मीच ऐकते ना."

मामा, मी बत्तीस वर्षांची झाले. बाबा माझ्याशी बोलता बोलता कधी एकदम उठून बाहेर जायचे, मला वाटायचं माझं काहीतरी चुकलं. त्यांना मी घरभर बोललेली कशी सोसत असेल? आणि तुम्ही, जे मला सांगू शकला असता, तुमच्यापुढे मी दिवसभर बसून होते, बोलत होते आणि तुम्हाला कळलं नाही. आई इतकी वर्षं माझ्याजवळच होती. आता मी मोठ्यानं बोलते. स्वयंपाक करताना एकटीच बोलते.

आता मामीचं. अगदी शेवटी आहे, मी आधी तिथवर न पोचता बंद करत होते. हाका थांबतात, आई लांब गेलेली असते, शेळीला बोलावत. मग मामीचा आवाज एकदम जवळून येतो, हळू, पण स्पष्ट. शब्दाला शब्द लिहिते:

"बास की आता. त्या मशिनीला ऐकवून काय उपेग? ठिवा ती बाजूला. तुमी आईका."

मग खट्ट असा आवाज होतो आणि पुढे काही नाही. तुम्ही मशीन बंद केलंत, मामा.

त्यानंतर मामी काय म्हणाल्या? ते कुठल्याच डिस्कवर नाही. तुम्हाला आठवत असेल तर लिहा. मी ते पेटीत घालून ठेवते, इथल्या प्रतीतही घालते, म्हणजे कुठे जाणार नाही.

तुमची,
आरोही


पाटोदा
३ मार्च २०२५

चि. आरोही,

आशीर्वाद. तू लिहिलंस ते वाचताना मला ताराचा आवाज आला. जागेपणी, भर दुपारी, अंगणात माणसं असताना. "तुमी आईका." मी छबुबाईंकडं बघितलं, त्यांना काही ऐकू आलं नव्हतं.

तुझा मोठेपणीचा आवाज मला ऐकायला मिळाला नाही याची हळहळ आहे. पुढच्या वेळी आलीस की तुझ्या गळ्यावर हात ठेवून बघेन. सत्यभामा बोलायची तेव्हा तिचा गळा कसा थरथरायचा, ते माझ्या हाताला ठाऊक आहे.

हो, मी मशीन बंद केलं होतं. त्यानंतर तारा काय म्हणाली ते सगळं आठवतं. काल तुला लिहायला बसलो आणि कागद फाडला. आज पुन्हा बसलो. पेटीत काय घालायचं, किती प्रती करायच्या, हे तू मला चांगलं शिकवलंस आणि मला ते पटलं. सगळ्यांच्या हाका ठेव, जोडीत ठेव, पुण्यात ठेव. पण हे एक राहू दे, पोरी. हे माझ्या एकट्याजवळ आहे आणि मी गेलो की माझ्यासंगं जाईल.

रागावू नकोस. तुझी आई तेव्हा शेळीला धरून माळाच्या कडेला उभी होती. आम्हाला बघून तिथूनच ओरडली, "काय कुजबुजताय ग तुमी दोगं? मलाबी सांगा की!" तारा लाजून हसली आणि माझ्याकडं बघून मान हलवली. तुझ्या आईलाही आम्ही सांगितलं नाही.

तुझा,
बंकटमामा